इंजिनखोलीतून दिसलेल्या पाणबुड्या

१९८० साली ‘द सी वूल्व्ज’ हा इंग्रजी सिनेमा आला, तेव्हा सारमानसच्या धक्क्यावरची आमची बार्जवाली मंडळी पणजीला जाऊन तो बघून आली. सिनेमा गोव्याचा, त्यात मुरगाव बंदर, त्यात जर्मन जहाजं आणि वर ग्रेगरी पेक, रॉजर मूर, डेव्हिड निव्हन. बाकीचे त्या नटांकडे बघत होते. माझं लक्ष त्यांच्या पायाखालच्या बार्जकडे होतं. जन्म डिचोली तालुक्यातला, आजोळ पेडण्यात केरीला, आणि नोकरी खनिजाच्या बार्जवर इंजिन ड्रायव्हरची. सारमानसला माती भरायची, मांडवी उतरून आग्वादच्या बाहेर पडायचं आणि मुरगावला मोठ्या जहाजाच्या पोटाशी लागायचं. पावसाळ्यात आग्वादचा दांडा बंद झाला की कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत शिरायचं. खाणी बंद पडेपर्यंत हेच केलं. त्यामुळे बार्ज समुद्रात किती चालते आणि कुठे दगा देते, हे मला कोणी सिनेमात दाखवायची गरज नव्हती.

सिनेमातली ती छाप्याची गोष्ट खरी घडलेली आहे. तिच्या निमित्ताने मी पाणबुड्यांवर मिळेल ते वाचत गेलो, आणि वाचता वाचता माझा त्या गोष्टीवरचा विश्वास मात्र उडत गेला. छापा पडला यात शंका नाही. शंका आहे ती त्याला चिकटवलेल्या पाणबुड्यांची. आमच्या गोव्याच्या माणसांना पाणबुडीने जिथे गाठलं ती ठिकाणं दुसरीच आहेत आणि त्यांच्यावर कोणी सिनेमा काढलेला नाही.

आधी छापा सांगतो. १९३९ मध्ये युद्ध पेटलं तेव्हा ब्रेमेनच्या हान्सा कंपनीची एरेनफेल्स, ड्राखेनफेल्स आणि ब्राउनफेल्स ही तीन जर्मन मालवाहू जहाजं मुरगावच्या आश्रयाला आली. पोर्तुगाल तटस्थ, म्हणून बंदरात इंग्रज त्यांना हात लावू शकत नव्हते आणि बाहेर पडली तर सोडणार नव्हते. पुढच्या वर्षी इटली युद्धात उतरल्यावर अँफोरा हे इटालियन जहाजही येऊन बसलं. एरेनफेल्स हे त्यातलं नवं आणि वेगवान. तिच्याच जातीच्या दोन बहिणींना जर्मन नौदलाने तोफा चढवून ‘अटलांटिस’ आणि ‘पिंग्विन’ या नावांनी व्यापारी जहाजांच्या शिकारीवर सोडलं होतं. ही मात्र मुरगावात नांगरावर गंजत होती. खलाशांना पगार नाही, घरून बातमी नाही. नांगरावर दोन महिने बसलेल्या बार्जवर माणसं एकमेकांच्या अंगावर कशी येतात हे मी पाहिलंय. या लोकांनी साडेतीन वर्षं काढली.

इंग्रजांच्या गुप्त खात्याचा संशय असा की एरेनफेल्सवर लपवलेला ट्रान्समीटर आहे, आणि मुंबईहून कुठलं जहाज कधी निघालं याची खबर त्यावरून जर्मन पाणबुड्यांना जाते. पणजीत राहणाऱ्या एका जर्मन हेराला त्यांनी बायकोसकट उचलून नेलं, तरी संशय फिटेना. तटस्थ बंदरात सरळ नौदल पाठवता येत नव्हतं. मग लुइस प्यू नावाच्या अधिकाऱ्याने कलकत्त्याचे चहावाले, तागवाले आणि हिशेबनीस गोळा केले. कलकत्ता लाइट हॉर्स हे त्यांचं हौशी घोडदळ. पथकाचा शेवटचा लढा बोअर युद्धातला, आणि आताचे शिपाई पोटं सुटलेले. त्यांतले चौदा आणि कलकत्ता स्कॉटिश या दुसऱ्या पथकाचे चार असे अठरा जण निघाले. बहुतेक जण आगगाडीने कोचीनला गेले. फीबी नावाची बार्ज कलकत्त्याहून सिलोनला वळसा घालून तिथे आली.

फीबी ही हॉपर बार्ज, म्हणजे बंदरातला गाळ उपसला की तो भरून बाहेर नेऊन टाकणारी. तिच्या तळाला दारं असतात. खोल पाण्यात गेलं की दारं उघडायची, गाळ आपोआप खाली जातो. अशी बोट बंदराच्या तोंडापासून दोन-चार मैलांवर जाऊन परत येण्यासाठी बांधलेली असते. रुंद, बसकी, लाटेवर आपटणारी. तिला बंगालच्या उपसागरातून अरबी समुद्रात आणायची म्हणजे तळाच्या दारांच्या बिजागऱ्यांवर आणि इंजिनवाल्यावर सगळा भरवसा. त्या अठरा जणांची नावं पुस्तकात छापली आहेत. फीबीला तिथवर आणणाऱ्या इंजिनवाल्यांची मला कुठे सापडली नाहीत.

८ मार्च १९४३ ची रात्र सरून ९ मार्च उजाडत होता. त्या वर्षी इंत्रूज, म्हणजे कार्निव्हल, नेमका तेव्हाच होता. ९ मार्च हा त्याचा शेवटचा मंगळवार. गावात नाचगाणी चालू, जहाजांवर थोडीच माणसं. फीबी अंधारात एरेनफेल्सला जाऊन लागली, शिड्या लागल्या, स्टेनगन चालल्या. एरेनफेल्सचा कप्तान रोफर मारला गेला. पण जर्मन खलाशांनी असा प्रसंग येणार हे धरून तयारी ठेवली होती. त्यांनी पेटवायचं ते पेटवलं आणि तळाच्या झडपा उघडल्या.

ही झडप काय चीज आहे ते सांगायला हवं. कुठल्याही जहाजाला इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी आत घ्यावं लागतं. त्यासाठी तळाला भोक असतं आणि त्यावर झडप. आमच्यात तिला किंगस्टन म्हणत. बार्जवर चढलं की माझं पहिलं काम खाली उतरून तिच्या भोवती हात फिरवणं. पॅकिंगमधून पाणी झिरपतंय का बघायचं. तिच्यामागच्या पाइपाचा बोल्ट-पट्टा सोडून झडप पूर्ण उघडली, तर माणूस शिडी चढून वर येईपर्यंत पाणी त्याच्या घोट्याला लागतं. इंजिनखोली भरली की जहाज कोणाचंच ऐकत नाही. एरेनफेल्सवर हेच झालं. ती पेटलेली बघून उरलेल्या तिन्ही जहाजांनी, आपल्यावरही आता हल्ला येणार असं समजून, स्वतःला आग लावून घेतली आणि बुडवून घेतलं. तिथे इंग्रज पोचलेही नव्हते. एका बार्जने चार जहाजं बुडवली असं म्हणतात. खरं तर चारही जहाजं त्यांच्याच इंजिनवाल्यांनी बुडवली.

पोर्तुगिजांनी जर्मन-इटालियन खलाशांना अटक केली. त्यातले काही युद्धानंतर परत गेलेच नाहीत, इथेच रुळले. छापा घालणारे कलकत्त्याला जाऊन पुन्हा कचेरीत बसले आणि गप्प राहिले. १९७८ मध्ये जेम्स लीझरने ‘बोर्डिंग पार्टी’ हे पुस्तक लिहिलं, तेव्हा कुठे जगाला कळलं.

आता माझी शंका. पुस्तक सांगतं की या छाप्याने हिंदी महासागरातल्या जर्मन पाणबुड्या आंधळ्या झाल्या. पण १९४३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये जर्मन पाणबुड्यांची टोळी होती ती दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ, मुरगावपासून हजारो मैलांवर. अरबी समुद्रात जर्मन पाणबुड्या खऱ्या अर्थाने उतरल्या त्या त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर. त्या टोळीचं नावच जर्मनांनी ‘मान्सून’ ठेवलं होतं. म्हणजे एरेनफेल्स बुडाल्यावर सहा-सात महिन्यांनी. त्याआधी आपल्या बाजूच्या समुद्रात जहाजं बुडवत होत्या त्या जपानी पाणबुड्या, आणि त्यांना मुरगावातल्या जर्मन जहाजाच्या खबरीची गरज पडल्याचं माझ्या वाचनात नाही. ट्रान्समीटर असेलही. इतिहासकार त्यावर अजून भांडतात. पण बंदरात तीन वर्षं नांगरून पडलेलं जहाज मुंबईहून सुटणाऱ्या काफिल्याची बातमी इतकी अचूक देतं, हे कुठल्याही तारवटीला पटणार नाही.

तारवटी म्हणजे आमच्या गोव्याचे जहाजावर जाणारे लोक. ते जास्त करून बार्देश आणि सासष्टीतले ख्रिस्ती. पेडणे आणि डिचोली हे नव्या काबिजादीतले तालुके. हरमलसारखी थोडी गावं सोडली तर आमच्याकडून परदेशी जहाजांवर कमीच गेले. आमचे लोक पुढे खाणी सुरू झाल्यावर बार्जवर चढले. पण तारवटींशी आमचा संबंध आलाच. माझ्या पहिल्या बार्जवरचा कुक हा निवृत्त तारवटी होता. त्याचा बाप युद्धात बी.आय.च्या बोटीवर पेंट्रीत होता. बी.आय. म्हणजे ब्रिटिश इंडिया कंपनी. पी. अँड ओ. आणि बी.आय. या दोन्ही कंपन्या जेवणघर, पेंट्री आणि केबिनच्या कामाला गोव्याची माणसं घेत, डेकवर रत्नागिरीकडचे मुसलमान खलाशी, आणि खाली बॉयलरवर पंजाबी-पठाण आगवाले. सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, माणसं आणायचा, सारंगाच्या शब्दाबाहेर कोणी नाही. मुंबईत धोबीतलावला गावागावाची कूड असायची. भिंतीला पेट्या लावून, मधे देवाचं आल्तार, आणि बोट मिळेपर्यंत तिथे चटईवर झोपायचं. युरोपियन खलाशाच्या पगाराच्या मानाने यांचा पगार फारच तुटपुंजा. १९३९ मध्ये युद्धधोक्याचा भत्ता मागून हिंदी खलाशांनी इंग्लंडातल्या बंदरांत काम थांबवलं, तुरुंगात गेले, तेव्हा कुठे थोडा वाढला.

आमचा कुक सांगायचा, बाप युद्धात कधी बंकवर झोपलाच नाही. गळ्यात बुचाचं जाकीट अडकवून हॅचवर उघड्यावर पडायचा, पावसातसुद्धा. पेंट्री पाण्याच्या रेषेजवळ, जिना एकच, आणि टॉर्पेडो लागला की पहिले दिवे जातात. अंधारात फुटलेल्या बश्यांवरून अनवाणी पळायचं. म्हणून बाप बूट घालूनच काम करायचा, त्यासाठी बटलरच्या शिव्या खायचा.

बी.आय.ची तिलावा ही बोट २० नोव्हेंबर १९४२ ला मुंबईहून मोंबासा-डर्बनच्या वाटेला लागली. तिच्यावर ९५८ माणसं. त्यात सातशेवर उतारू, बहुतेक आफ्रिकेत दुकान-नोकरी असलेले हिंदी, बायकापोरांसकट. शिवाय दोनशेवर खलाशी आणि पोटात साठेक टन चांदी, दक्षिण आफ्रिकेच्या सरकारची. २३ तारखेच्या पहाटे, दोनच्या सुमाराला, आय-२९ या जपानी पाणबुडीने तिला टॉर्पेडो मारला. बोट लगेच बुडाली नाही. लोक होड्यांत उतरले, काही जण परत वर चढू लागले, आणि तासाभराने दुसरा टॉर्पेडो बसला. दोन दिवसांनी एच.एम.एस. बर्मिंगहॅम या युद्धनौकेने होड्यांतून आणि तराफ्यांवरून ६७८ जण उचलले. २८० गेले.

गोव्याच्या आणि कोकणच्या माणसाने पाणबुडीचा इतिहास सांगायचा तर मी तो इथून सुरू करीन. पुढची हकिकत ऐका. तिलावावरची ती चांदी अडीच हजार मीटर पाण्याखालून २०१७ मध्ये एका कंपनीने उपसून काढली. २,३६४ लगडी. त्यांची मालकी कोणाची यावर लंडनमध्ये खटला चालला आणि तो थेट तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने लागला. लगडीन् लगडी मोजली गेली. पेंट्रीतल्या, बॉयलरवरच्या माणसांची नावं बघायची तर मुंबईत मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये जावं लागतं. तिथे पहिल्या महायुद्धात बुडालेल्या दोन हजारांवर खलाशांची नावं पत्र्यांवर कोरलेली आहेत आणि दुसऱ्या महायुद्धातल्यांची वही ठेवलेली आहे. मी गेलो होतो. नावांत फर्नांडिस, डिसोझा, आणि त्यांच्याच बरोबर इब्राहिम, अब्दुल, फकीर. दुसऱ्या महायुद्धात साडेसहा हजारांच्या आसपास हिंदी खलाशी मेले, त्यातले कितीतरी पाणबुड्यांनी.

पहिल्या महायुद्धातली नावं वाचताना एका बोटीचं नाव मी शोधत होतो. पर्शिया. पी. अँड ओ.ची, लंडनहून मुंबईला निघालेली. ३० डिसेंबर १९१५, क्रीट बेटाजवळ, दुपारी एक वाजून गेलेला, जेवणघरात नुकतं जेवण वाढायला घेतलेलं. यू-३८ या जर्मन पाणबुडीने सूचना न देता टॉर्पेडो सोडला. बॉयलर फुटला आणि बोट दहा मिनिटांच्या आत गेली. ५१९ पैकी ३४३ मेले. कपूरथळ्याचे महाराज मार्सेलिसला उतरून गेले होते म्हणून वाचले, हे सगळीकडे छापून येतं. रोल्स-रॉइस मोटारीच्या टोकावरची पंख पसरलेली बाई जिच्यावरून घडवली ती एलिनॉर थॉर्नटन त्यात बुडाली, हेही छापून येतं. त्या वेळी सूपाच्या थाळ्या घेऊन उभे होते ते बहुतेक गोवेकर, असं माझं मत, कारण पी. अँड ओ.च्या जेवणघरात दुसरं कोणी नसायचंच.

त्या काळची पाणबुडी म्हणजे आतून काय होती, हे कळल्यावर मला यू-३८ वाल्यांबद्दलही वेगळं वाटू लागलं. राग कमी झाला असं नाही. पण माणूस इंजिनवाला असला की दुसऱ्याचं इंजिन बघितल्याशिवाय त्याच्याबद्दल बोलत नाही.

इंग्लंडच्या नौदलाची पहिली पाणबुडी ‘हॉलंड-१’ १९०१ मध्ये पाण्यात उतरली. आठ माणसांची. तिला पेट्रोलचं इंजिन! बंद लोखंडी डब्यात पेट्रोलची वाफ साचली की एका ठिणगीचं काम. म्हणून पांढरे उंदीर पिंजऱ्यात ठेवत. उंदीर लोळायला लागले की माणसांनी समजायचं, वर चला. पाठोपाठ आलेली ए-१ ही १९०४ मध्ये सरावात बुडाली ती शत्रूमुळे नव्हे. वरून जाणारी प्रवासी बोट बर्विक कासल तिच्यावर आदळली. अकराच्या अकरा जण गेले. पाणबुडीला वरचं दिसत नाही आणि वरच्याला पाणबुडी दिसत नाही, हे दुखणं तिच्या जन्मापासूनचं.

जर्मनांनी पेट्रोल टाळलं आणि घासलेटवर चालणारी कॉर्टिंग इंजिनं बसवली. यू-९ ही त्यातली. घासलेटचा दाट पांढरा धूर, रात्री ठिणग्या, आणि तो धूर सोडायला वर धुराडं. बुडी मारायच्या आधी ते खाली घ्यायचं, भोकं बंद करायची, इंजिन थांबवायचं आणि मग विजेच्या मोटारींवर जायचं. हे सगळं शत्रू दिसल्यावर. आमच्या बार्जचं इंजिन पाण्याखाली न जाता नुसतं बंद करून परत चालू करायचं म्हटलं तरी मी तीनदा विचार करायचो. अशा या यू-९ ने २२ सप्टेंबर १९१४ ला सकाळी दीड तासात अबुकीर, होग आणि क्रेसी या तीन ब्रिटिश क्रूझर बुडवल्या. जवळजवळ साडेचौदाशे माणसं मेली. आरमारवाल्यांनी तोवर पाणबुडीला खेळणं समजलं होतं. त्या दिवसापासून समजायचं बंद झालं. त्याच दिवशी रात्री इकडे एम्डेन या जर्मन युद्धनौकेने मद्रासच्या तेलाच्या टाक्यांवर तोफा डागल्या, त्यामुळे आपल्याकडे ती तारीख एम्डेनच्याच नावाने लक्षात राहिली. आमच्या तेव्हाच्या मालकांकडे, म्हणजे पोर्तुगिजांकडेही, ‘एश्पादार्त’ नावाची एक पाणबुडी होती. १९१३ मध्ये इटलीत बांधून आणलेली. ती लिस्बनच्या आसपासच फिरली, गोव्याच्या वाट्याला आली नाही.

आता आय-२९ कडे परत येतो, कारण तिलावा बुडवल्यानंतर पाच महिन्यांनी ती आपल्या इतिहासात पुन्हा येते, आणि या वेळी तिचं नाव आपण आदराने घेतो.

९ फेब्रुवारी १९४३ ला नेताजी सुभाषचंद्र बोस आणि त्यांचे सहकारी आबिद हसन जर्मनीतल्या कील बंदरातून यू-१८० मध्ये बसले. म्हणजे मुरगावात एरेनफेल्स जळत होती त्या रात्री नेताजी अटलांटिकमध्ये एका जर्मन पाणबुडीच्या पोटात होते. यू-१८० च्या इंजिनांची गोष्ट मला फार आवडते. वेग हवा म्हणून जर्मनांनी तिच्यात जलद टॉर्पेडोबोटींची सहा मर्सिडीज डिझेलं कोंबली होती. पाण्याच्या पृष्ठभागावर ती वीस नॉटच्या वर पळायची, पण आत उष्णता आणि धूर असह्य. त्या सफरीनंतर ती इंजिनं काढूनच टाकली. आबिद हसननी पुढे सांगितलं आहे की पावापासून पांघरुणापर्यंत सगळ्याला डिझेलचा वास यायचा. एकदा त्यांना कुठल्याशा कोपऱ्यात तांदूळ आणि डाळ सापडली, त्याची खिचडी केली, आणि नेताजींनी ती जर्मन अधिकाऱ्यांनाही वाढायला सुरुवात केल्यावर साठा किती टिकणार याची यांना काळजी लागली. सहा डिझेलांच्या त्या भट्टीत भाताचं पातेलं कुठल्या जागी चढवलं असेल, हे मी पुष्कळ वेळा मनात मांडून बघितलं आहे.

एप्रिलच्या अखेरीला, मादागास्करच्या पलीकडे खवळलेल्या समुद्रात, यू-१८० आणि आय-२९ एकमेकींजवळ आल्या. रबरी तराफ्यातून भिजत दोघे जपानी पाणबुडीत गेले. आय-२९ मोठी, शंभर मीटरच्या वर लांब, विमान ठेवायची सोय असलेली. तिथे जागा बरी होती आणि हिंदी पाहुण्यांसाठी मसालेदार रश्श्याची तजवीजही. तिचा कप्तान इझू जुइची. तिलावावर टॉर्पेडो सोडण्याचा हुकूम देणाराही तोच. नेताजींना तिलावाची गोष्ट कोणी सांगितली असेल का, हा प्रश्न मला पडतो. आय-२९ पुढच्या वर्षी, जुलै १९४४ मध्ये, फ्रान्सहून परतताना फिलिपाइन्सजवळ एका अमेरिकन पाणबुडीने बुडवली. एकच खलाशी जिवंत किनाऱ्याला लागला.

स्वतः पाणबुडी बघायला मी विशाखापट्टणला गेलो. तिथल्या समुद्रकिनाऱ्यावर आय.एन.एस. कुरसुरा वाळूत ओढून ठेवली आहे, २००२ पासून लोकांना बघायला खुली. आपल्या नौदलाचं पाणबुडी दल १९६७ च्या डिसेंबरात कलवरीपासून सुरू झालं. रशियातून एकामागून एक चार आल्या. कलवरी, खांदेरी, करंज, कुरसुरा. खांदेरी हे नाव थळच्या समोरच्या महाराजांच्या जलदुर्गाचं, म्हणून आपल्याकडे तिचं कौतुक जास्त.

बाकीचे लोक पुढच्या टॉर्पेडोनळ्यांपाशी फोटो काढत होते. मी मागे इंजिनखोलीत थांबलो. तीन डिझेलं, प्रत्येकी दोन हजार अश्वशक्तीचं, तीन शाफ्टांवर. दोन इंजिनांच्या मधली वाट अशी की मी आडवा होऊनच गेलो. एका कप्प्यातून दुसऱ्यात जायला गोल भोक. पाय आधी की डोकं आधी, हे ठरवून शिरायचं. वाटाड्या निवृत्त पाणबुडीवाला होता. त्याला म्हटलं, मीही इंजिनचाच. तर त्याने दोरीच्या पलीकडे घेतलं आणि एका झडपेचं चाक दाखवलं. इंजिनाला हवा घेणाऱ्या नळीची झडप. बुडी मारायचा भोंगा वाजला की सेकंदांत इंजिन बंद, झडप बंद, नाहीतर समुद्र इंजिनात. “तुमच्या बार्जवर झडप विसरलात तर बार्ज भरते,” तो हिंदीत म्हणाला, “इथे विसरलं तर पंचाहत्तर माणसं.” चाकाची किनार हाताने घासून गुळगुळीत झालेली होती, बाकी ठिकाणी रंग, तिथे नुसतं पितळ. आंघोळीचं विचारलं. हसला. गोडं पाणी पिण्यापुरतं, आंघोळ बंदरात. कपडे वापरून टाकून द्यायचे. आमच्या बार्जवर निदान नदी होती.

गोव्यात पाणबुडी दिसत नाही, पण तिचा पाठलाग करणारे होते. दाबोळीला १९७७ पासून नौदलाची इल्युशिन-३८ विमानं असायची. चार पंख्यांची, संथ, समुद्रावर घिरट्या घालत पाणबुडी हुडकणारी. मुरगावात बार्ज लावून बसलं की ती डोक्यावरून जात. १ ऑक्टोबर २००२ ला त्या तुकडीच्या रौप्यमहोत्सवाच्या कसरतीत त्यातली दोन एकमेकांवर आदळली, दोन्हींतले बारा नौसैनिक गेले आणि खाली जमिनीवरचीही माणसं गेली. २०२३ मध्ये ती जात निवृत्त झाली.

त्यानंतर वर्षभराने, २१ नोव्हेंबर २०२४ ला, गोव्यापासून सत्तरेक सागरी मैलांवर मार्थोमा नावाची मासेमारी बोट आणि नौदलाची करंज यांची टक्कर झाली. ही करंज नवी, माझगाव डॉकमध्ये बांधलेली. बोटीवर तेरा जण होते, अकरा वाचले. त्या आठवड्यात शापोऱ्याच्या जेटीवर दुसरा विषय नव्हता. माझा एक मामेभाऊ केरीहून तिकडे ट्रॉलरवर जातो. सरकार म्हणतं प्रत्येक ट्रॉलरवर एआयएस लावा, म्हणजे कोण कुठे आहे ते सगळ्यांना पडद्यावर दिसेल. पाणबुडी ते लावून फिरली तर ती पाणबुडी कसली? मी म्हटलं, पेरिस्कोपच्या खोलीवर आल्यावर वरच्याला चुकवणं हे खालच्याचं काम; त्याला तुमच्या पंख्याचा आवाज ऐकू येतो.

“येत असेल रे दादा,” तो म्हणाला, “पण जाळं ओढत असताना आमचा वेग दोन-तीन नॉटचा, आणि मागे पाव मैलाचा दोर. आम्ही वळायचं म्हटलं तरी वळणार कसे? आणि दिवे तर आम्ही सगळे लावलेले असतात.”

तेवढ्यात बर्फाचा टेंपो आला आणि तो खोके उतरवायला गेला.